पाथरीची भाजी: ओळखण्यापासून कुंडीत लावण्यापर्यंत, एकदम नवीन असणाऱ्यांसाठी

रानभाज्या शिकायच्यात पण सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून पाथरी सांगते. कारण साधं आहे, रानभाजी म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच पाऊस, सह्याद्री, शेवळं, कुर्डू, फोडशी असलं सगळं येतं आणि मग पुण्यातला किंवा सोलापुरातला माणूस म्हणतो आपल्याकडे कुठं जंगल. पाथरीला जंगल लागत नाही. ती बांधावर येते, पाटाच्या कडेला येते, गव्हात कांद्यात तण म्हणून येते, सोसायटीच्या लॉनमध्ये येते आणि कंपाउंडच्या भिंतीला भेग असेल तर तिथंही येते. बीड, जालना, नगर, धाराशिव, सोलापूर असल्या कमी पावसाच्या पट्ट्यात तर ती हमखास सापडते. वर्षानुवर्षं टिकणारं झाड आहे, म्हणजे एकदा जागा माहीत झाली की पुढच्या वर्षी परत तिथंच जायचं.

शास्त्रीय नाव लॉनिया प्रोकम्बेन्स. नेटवर शोधताना हेच टाका, नुसतं पाथरी टाकलं तर परभणी जिल्ह्यातलं गाव येतं नाहीतर मुतखड्यावरचे उपाय येतात. कुळ सूर्यफुलाचं, आणि सॅलडमध्ये जे लेट्यूस घालतात ते तिच्या जवळच्या नात्यातलं, त्यामुळे पाथरी कच्ची खातात यात नवल काही नाही, फक्त लेट्यूसपेक्षा कडू आहे आणि चव पण जास्त आहे.

पहिलं काम: कधी आणि कुठं बघायचं

फुलं पाथरीला जवळजवळ वर्षभर दिसतात, पण खायला खरी चांगली ती दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. थंडी असते, जमिनीत ओल असते, पानं मोठी आणि कोवळी होतात. गहू, हरभरा, कांदा, लसूणघास, ऊस अशी ओलिताची शेतं बघायची, त्यातही पाटाची कड आणि बांधाचा खालचा भाग. पावसाळ्यातही मिळते पण तेव्हा बाकीचं गवत एवढं माजलेलं असतं की ती त्यात हरवून जाते आणि नवीन माणसाला सापडत नाही. उन्हाळ्यात दिसते ती बारकी, जाड पानांची, कडूजहर.

आता दुष्काळात टिकणारी भाजी असं हिचं कौतुक बरेच जण करतात आणि ते खरंच आहे. सोटमूळ सरळ खोल जातं, पानं जमिनीला चिकटून राहतात त्यामुळे वारा आणि ऊन कमी लागतं, आणि अगदीच पाणी तुटलं की वरची पानं वाळवून टाकते पण मुळाचा माथा जिवंत ठेवते, पाऊस पडला की त्यातनंच नवीन पानं फुटतात. 1972 चा दुष्काळ बघितलेली माणसं तेव्हा वाटलेली सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीबरोबर रानातल्या पाल्याची पण आठवण काढतात ती उगाच नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तग धरणं वेगळं आणि चव वेगळी. पाणी न मिळालेली पाथरी जगते, खाण्यासारखी राहत नाही. म्हणून कोरड्या माळावर चार पानं गोळा करण्यापेक्षा ओलिताच्या कडेला बघा, आणि घरी लावणार असाल तर हिला पाणी लागतच नाही म्हणून विसरून जाऊ नका, त्याचं पुढे सांगते.

दुसरं काम: ओळख, इथं घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. खुडायला आणि शिजवायला काय, ते कोणालाही येतं.

झाड जमिनीला चिकटून असतं. मधे एक माथा आणि त्यातून चारी बाजूंना पानांचा घेर पसरलेला. पान लांबट, बुडाशी अरुंद, टोकाकडे रुंद आणि कडेला खाचा, काही झाडांत खाचा खोल असतात काहींत नुसत्या लाटा असतात, एकाच बांधावर दोन्ही प्रकार दिसतील, गोंधळू नका. पान तोडून उजेडात धरा आणि कड नीट बघा, कडेवर करवतीसारखे बारीक पांढरे दाते दिसतील, हाताला टोचत नाहीत पण बोट फिरवलं की जाणवतात. पानावर लव अजिबात नाही, गुळगुळीत. आणि पान मोडलं त्या जागी लगेच पांढऱ्या चिकाचा थेंब येतो. तो चीक बोटाला लागला की थोड्या वेळाने तपकिरी काळपट डाग पडतो आणि साबणाने लवकर जात नाही, खोबरेल तेल चोळा मग निघतो.

फुलाचा दांडा मधनं निघतो, त्याच्यावर पानं जवळपास नसतातच, फांद्या फुटतात आणि बराचसा भाग जमिनीवर लोळतो. फूल पिवळं, नखाएवढं. सकाळी उघडतं आणि ऊन तापलं की मिटतं, त्यामुळे दुपारी गेलात तर फूलच नाही असं वाटेल. एक पाकळी ओढून काढा, टोक सरळ कापल्यासारखं असतं आणि त्याला पाच बारीक दाते असतात, हे बघायला मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो. फूल झालं की पांढरा कापूस, बी वाऱ्यावर उडतं, लहानपणी ज्यांना आपण म्हाताऱ्या म्हणायचो तसल्याच.

आता जिथं लोक फसतात ते.

पहिलं म्हणजे गाजरगवत, काँग्रेस गवत म्हणतात तेच. ह्याचं रोप लहान असताना अगदी असाच पानांचा घेर करून जमिनीवर बसलेलं असतं आणि नवीन माणूस हमखास चकतो. 1955 मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर देशभर कुठं नाही असं राहिलं नाही, त्यामुळे जिथं पाथरी तिथं शेजारी गाजरगवत असणारच हे धरूनच चला. फरक: गाजरगवताची पानं गाजराच्या पाल्यासारखी खूप बारीक चिरलेली, पानावर लव असते त्यामुळे रंग थोडा राखी दिसतो, आणि मोडलं तर पांढरा चीक येत नाही. काही लोकांना नुसता हात लागला तरी खाज सुटते, पुरळ येतं, म्हणून ओळखायला म्हणून पण उगाच चोळत बसू नका.

दुसरा पिवळा धोत्रा, आणि हा खरा धोक्याचा. रोप लहान असताना हा पण घेर करतो आणि पानाला खाचा असतात. पण पानावर शिरांच्या बाजूने पांढरे पट्टे असतात, कडेला खरोखरचे काटे असतात जे टोचतात, आणि चीक पिवळा निघतो. पिवळा चीक दिसला की झाड तिथंच टाका, हात धुवा, विषय संपला. ह्याच धोत्र्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्यामुळे 1998 मध्ये दिल्लीत माणसं आजारी पडली आणि दगावली होती, तेव्हा थोडंसं गेलं तर काय होतंय असं म्हणायचं नाही.

बाकी दगडी पाला दिसतो, एकदांडी पण म्हणतात, त्याची पानं समोरासमोर जोडीने असतात आणि खरखरीत केसाळ असतात, चीक नाही. पाथरीसारख्याच पिवळ्या फुलाचं पण उभं वाढणारं, पोकळ दांड्याचं आणि दांड्याला मिठी मारून बसलेल्या पानांचं एक तण असतं, ते नात्यातलंच आहे, विषारी नाही, पण सुरुवातीला सोडून द्या.

आणि पांढरा चीक आला म्हणजे पाथरीच असं समजू नका बरं का. रुईला पांढरा चीक असतो, दुधी नावाच्या तणाला असतो, शेराच्या झुडपाला तर असतोच असतो आणि तो डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे मी चार गोष्टी एकत्र बघते: जमिनीवर पानांचा घेर, लव नसलेलं गुळगुळीत पान, कडेला पांढरे दाते, आणि पांढरा चीक. चारातली एक जरी चुकली तरी सोडून द्यायचं, भाजी काय बाजारात मेथी पण मिळते.

मोबाईलमधलं झाड ओळखायचं ॲप वापरा, पण त्याच्या भरवशावर तोंडात घालू नका. ॲपला फोटो दिसतो, चीक दिसत नाही आणि पानावरची लव कळत नाही. त्यापेक्षा आठवडी बाजारात पालेभाजीचे वाटे घेऊन बसलेल्या मावशी असतात त्यांना विचारा, थंडीत त्यांच्याकडे कधीकधी पाथरीच मिळते, एक वाटा विकत घ्या आणि घरी आणून पान न् पान बघा. दहावीस रुपयांत याहून चांगला क्लास मिळायचा नाही. शेतात निंदायला जाणाऱ्या बायकांना तर झोपेत विचारलं तरी सांगतील, कारण ती त्यांच्या रोजच्या खुरप्याखालची गोष्ट आहे.

तिसरं काम: जागा खाण्यालायक आहे का

झाड बरोबर ओळखलं तरी जागा चुकीची असू शकते आणि आजकाल हाच मोठा प्रश्न आहे. गव्हात, उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात, बांधावर ग्लायफोसेट मारतात, दोन्ही तणनाशकं. औषध मारल्यावर पाथरी लगेच मरत नाही, काही दिवस हिरवीच दिसते. पानं वेडीवाकडी पिळवटलेली, दांडे मुरगळलेले, किंवा आजूबाजूचं गवत एकसारखं पिवळं पडलेलं दिसलं तर हात लावू नका. आणि दिसो न दिसो, शेतमालकाला सरळ विचारायचं, "काका, बांधाला औषध कधी मारलंय का?" परवानगी पण होते आणि माहिती पण मिळते. बहुतेक जण घेऊन जा म्हणतात, वर दोन जागा अजून दाखवतात, कारण त्यांच्यासाठी ते तणच आहे. भाजीपाल्याच्या शेतात तर कीटकनाशकाची फवारणी चालूच असते, तिथं नुसतं तणनाशक मारलं नाही एवढं ऐकून खूश होऊ नका, फवारणी कधी झाली ते पण विचारा.

शहरात असाल तर हायवेची कड, नाल्याचा काठ, कुत्री फिरवायची जागा, बांधकामाचा राडारोडा टाकलेली जागा, सगळं बाद. सोसायटीच्या लॉनवर पण माळी काय काय मारतो ते त्याला विचारल्याशिवाय नाही.

चौथं काम: खुडणं

सकाळी जा, पानं टवटवीत असतात. फुलाचा दांडा अजून न निघालेली झाडं निवडा, दांडा निघाला की पानं निबर आणि जास्त कडू होतात. खुरपं जमिनीला टेकवून माथ्याच्या जरा वरनं कापायचं, म्हणजे पानांचा जुडगा हातात येतो आणि मूळ जमिनीत राहतं. उपटू नका. मुळापासून परत फूट येते, आणि पाण्याची सोय असेल तर परत खुडण्याइतकी पानं येतात. शेतकऱ्याने मात्र पीक वाचवायला मुळासकट काढ म्हणून सांगितलं तर काढा, त्याचं शेत आहे, आणि तसंही मुळाचा तुकडा राहिला तर बहुतेक वेळा परत फुटतेच.

सगळीच झाडं कापू नका, थोडी बी धरायला ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरली तर घरी येईपर्यंत गरम होऊन काळी पडते, कापडी पिशवी किंवा टोपली घ्या. लगेच करणार नसाल तर न धुता ओलसर सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये एकदोन दिवस राहते.

पाचवं: निवडणं आणि धुणं

जमिनीला चिकटून वाढणारी भाजी आहे, त्यामुळे माती असतेच, आणि काळ्या रानातली असेल तर पानांच्या बुडाला चिखल घट्ट बसलेला असतो. जुडगा तसाच नळाखाली धरला तर माती आतच राहते आणि मग जेवताना कचकच. बुडाचा भाग कापून पानं सुटी करा, पिवळी, किडकी, पांढऱ्या नागमोडी रेघा पडलेली काढून टाका, पान उलटं करून मावा बघा. मग मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पानं वरच्या वर उचलून घ्या, पाणी ओतू नका कारण खाली बसलेली माती परत पानांवर येते. असं पाणी स्वच्छ निघेपर्यंत करायचं, तीनचार वेळा तरी लागतं. कच्ची खाणार असाल तर इथं अजिबात कंटाळा नको.

सहावं: खायची कशी

पहिल्यांदा खाताय तर थोडीच खा, चारपाच पानं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघा. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे किंवा सूर्यफुलाच्या कुळातल्या कशाचीही आहे त्यांनी जास्त जपून, कुळ एकच असल्यामुळे हिचाही त्रास होऊ शकतो. गरोदर बायकांनी आणि कसली औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. आणि शुगर उतरते, अमुक बरं होतं तमुक बरं होतं असले व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड बाजूला ठेवा, पालेभाजी आहे, पालेभाजी म्हणून खा.

कच्ची खायची असेल तर एकदम कोवळी पानं घ्या. बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं जाडसर कूट, मीठ आणि वरनं कच्चं तेल, शेंगदाण्याचं किंवा करडईचं, हाताने जरा चुरडून कालवायचं, लिंबू आवडत असेल तर पिळा. किंवा हे पण नको, अख्खी पानं धुऊन ताटात घ्यायची आणि बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा ह्यांच्याबरोबर तोंडी लावायची, शेतावरच्या जेवणात असंच खातात. पहिल्या घासाला कडू लागते, पण ठेच्याबरोबर ते कडूपण बरं वाटायला लागतं. सॅलड म्हणून मेयोनीज वगैरे घालून केलेले फोटो मी बघितलेत, करा बापडे, मला ते काही पटलं नाही.

शिजवायची तर मूगडाळ घालून पहिल्यांदा करा. गच्च भरून चार वाट्या चिरलेली पाथरी, अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवलेली, आठदहा लसूण पाकळ्या ठेचून, तीनचार हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल, जिरं. तेलात जिरं तडतडलं की लसूण टाका आणि चांगला लालसर होऊ द्या, लसूण कच्चा राहिला तर भाजीला मजा नाही. मिरची, मग डाळ निथळून, परतायचं आणि झाकणावर पाणी ठेवून डाळ अर्धी शिजू द्यायची. डाळ बोटाने दाबली की मोडते पण मधे कणी लागते एवढी झाली की पाथरी टाका. कढई काठोकाठ भरेल आणि वाटेल एवढी कोण खाणार, दोन मिनिटांत आळून तळाशी बसते. म्हणून मीठ आधी घालायचं नाही, आळल्यावर घालायचं, नाहीतर नवीन माणसाची भाजी खारट झालीच म्हणून समजा. आता झाकण नको, पाणी आटेपर्यंत परता, डाळ अख्खी दिसली पाहिजे.

दुसरी पद्धत पीठ पेरून, मूगडाळीऐवजी शेवटी दोन चमचे बेसन भुरभुरवायचं आणि मंद आचेवर वाफ काढायची. आणि तूरडाळ, दाणे घालून शिजवून रवीने घोटून केलेलं गरगटं सोलापूर मराठवाड्याकडच्यांना सांगायला नकोच, त्यात पाथरी एकटी घालण्यापेक्षा निम्मी चाकवत निम्मी पाथरी घाला, कडूपण बरोबर बसतं. थालीपिठात पण चालते.

कडूपणा अजिबात सोसत नसेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून पिळून घ्या. निबर पानांना हे करावंच लागतं. कोवळ्या पानांना केलं तर मग पाथरी कशाला खायची, पालक आणा.

निवडून उरलेली निबर पानं आणि बुडं टाकू नका, गोठा असेल तर जनावराला घाला. दुभत्या म्हशीला पाथरी घातली की दूध वाढतं असं जुनी माणसं सांगतात, वाढतं की नाही ते सोडा, जनावरं आवडीने खातात.

सातवं: कुंडीत लावायची असेल तर

औषधाच्या भानगडी नकोत म्हणून मी तर म्हणते की ज्यांच्याकडे गॅलरीत ऊन येतं त्यांनी दोन कुंड्या पाथरीच्या ठेवाव्यात. कुंडी पसरट नको, निदान फूटभर खोल पाहिजे कारण मूळ खाली जातं. भोक मोकळं आहे ना बघा. साधी माती, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत, खत जास्त घालायची गरज नाही.

बी हवं असेल तर पांढरा कापूस फुललेली बोंडं उडून जायच्या आत सकाळी खुडा. बी बारीक असतं, मातीत खोल पुरलं तर येत नाही, वरच पसरून चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यायचा आणि झारीने हलकं पाणी, धार सोडली तर सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसतं. थंडीच्या सुरुवातीला टाका. बियांच्या मागे लागायचं नसेल तर शेतात निंदणी चालू असताना मुळासकट निघालेलं झाड मागून आणा, पानं सगळी कापून टाका, मूळ सरळ उभं लावा, माथा मातीच्या बरोबरीला ठेवा, आणि नवीन पान दिसेपर्यंत सावलीत.

पाणी, ज्याचं मघाशी म्हटलं होतं. बोट मातीत घालून वरचा पेरभर थर कोरडा लागला की द्या, रोज रोज नको, पाणी साचलं तर माथा कुजतो. पण खायला कोवळी पानं पाहिजेत तर अगदी सुकेपर्यंत पण ताणू नका. पाचसहा तास ऊन पाहिजे, सावलीत पानं लांबडी आणि लिबलिबीत होतात. बाहेरची पानं तोडत राहिलात आणि मधला गाभा ठेवलात तर एक झाड बराच काळ चालतं.

एप्रिल मे मध्ये पानं वाळतील, झाड मेलं समजून कुंडी रिकामी करू नका. अधूनमधून थोडं पाणी आणि कुंडी जरा सावलीला, बास. जूनमध्ये हवा बदलली की माथ्यातनं हिरवं दिसायला लागतं. आणि फुलाचे दांडे निघाले की एखादाच बियांसाठी ठेवून बाकीचे कापत राहा, नाहीतर म्हाताऱ्या उडून वरच्या मजल्यावरच्यांच्या गुलाबात पाथरी उगवते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट तक्रार येते.